समारोपाच्या टाळ्या वाजताना केबल गुंडाळणाऱ्यांसाठी: तुमचे अनुभव लिहा

धागा काढणारा

प्रोग्रामिंगच्या परिषदांना जाणाऱ्यांना समारोप पाठ असेल. "सगळ्या स्वयंसेवकांनी स्टेजवर यावं" असं पुकारतात, काहीजण संकोचत वर येतात, टाळ्या होतात. बाकीचे तेव्हा शेजारच्या हॉलमध्ये केबल गुंडाळत असतात, कारण जागा रात्रीच्या आत रिकामी करून द्यायची असते. हा धागा त्या बाकीच्यांसाठी.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची यॅपसी ही परिषद 1999 मध्ये सुरू झाली, पायथन भाषेवाल्यांची युरोपातली युरोपायथन 2002 मध्ये, अमेरिकेतली पायकॉन (पायकॉन यूएस) 2003 मध्ये. तेव्हापासून कितीतरी फ्रेमवर्क (प्रोग्राम रचायचे तयार सांगाडे) आली आणि गेली. कम्युनिटीच्या परिषदा मात्र अजूनही बऱ्याच अंशी नोकरी सांभाळून राबणाऱ्या माणसांच्याच जिवावर चालतात.

अट एकच. "संपूर्ण टीमचे मनःपूर्वक आभार" असलं काही लिहू नका. एका माणसाने केलेलं एक काम सांगा. नावं नकोत, ही मंडळी लाजतात, शिवाय काहींच्या साहेबांना त्या शुक्रवारची रजा 'तब्येतीसाठी' म्हणून कळवलेली असते.

पहिल्यांदाच स्टेजवर गेलेली

माझं टॉक दुपारचं होतं. स्पीकरच्या, म्हणजे बोलणाऱ्यांच्या, खोलीत एक मुलगा आला, "तुम्हाला न्यायला आलोय" म्हणाला. याला रनर म्हणतात हे नंतर कळलं. स्पीकरला वेळेवर शोधायचं आणि हॉलपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही आणि मला तेच हवं होतं.

हॉलमध्ये सेशन चेअर, म्हणजे ते सत्र सांभाळणाऱ्या, बाई होत्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. आडनावाचा उच्चार कसा करायचा. वेळेच्या पाट्या कुठे धरू म्हणजे दिसतील. आणि शेवटी प्रश्न घ्यायचेत का. तिसऱ्या प्रश्नावर मी गप्प झाले. त्या लगेच म्हणाल्या, "नको असतील तर मी सांगेन की ज्यांना बोलायचंय त्यांनी बाहेर भेटा. तुम्हाला काही सांगायला लागणार नाही." प्रश्न न घेण्याची मुभा असते हेच मला माहीत नव्हतं! आठवडाभर माझी झोप त्या प्रश्नांनीच उडवली होती, टॉकने नव्हे.

मग लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पडदा काळाच. बाईंनी टेबलाखालून एक पिशवी काढली. आत अडॅप्टरच अडॅप्टर, प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टी आणि त्यावर हॉलचा नंबर, म्हणजे एका हॉलचा दुसऱ्या हॉलात जाऊन हरवायला नको. दुसरा अडॅप्टर लावला, रिझोल्यूशन एक पायरी खाली आणलं, चित्र आलं. हे सगळं होईपर्यंत त्या माइकवरून प्रेक्षकांना पुढच्या सत्राची माहिती देत होत्या, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. ही शेवटची युक्ती मला सगळ्यात आवडली.

कुबडीवाला

जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने बसवणाऱ्याला सलाम. दर दोन तासांनी येऊन सुटलेली टोकं पुन्हा दाबून जात होता. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

घरूनच बघणारा

मी परिषदेला क्वचितच जातो. घरी आजारी माणूस आहे, रात्रीचं निघणं जमत नाही. माझं सगळं शिक्षण रेकॉर्डिंगवर झालंय, तेव्हा माझे आभार व्हिडिओवाल्यांना.

फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेचंच घ्या. ब्रुसेल्सच्या विद्यापीठात दोन दिवस, प्रवेश फुकट, नोंदणीसुद्धा नाही, आणि एकाच वेळी डझनावारी खोल्यांत टॉक चालू. प्रत्येक खोलीत माणसांची फौज परवडणार नाही, म्हणून तिथल्या स्वयंसेवकांनी रेकॉर्डिंगची पेटी स्वतःच बनवली. स्पीकरची स्लाइड आणि कॅमेरा दोन्ही त्यातून जातात. टॉक झालं की स्पीकरला ईमेल जातो: तुमचा व्हिडिओ कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते तुम्हीच तपासा. ज्याला आपल्या टॉकची सगळ्यात जास्त काळजी, त्याच्याकडेच तपासणीचं काम! डेबकॉन्फची (डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची परिषद) व्हिडिओ टीमही अशीच पक्की. कॅमेऱ्यांचं मिक्सिंग करायला फुकट, मुक्त सॉफ्टवेअर वापरते.

कॅमेऱ्यामागची

वरच्या दादांना धन्यवाद, डोळे भरून आले वगैरे. आता धागालेखकाच्या अटीप्रमाणे एका माणसाचं एक काम.

आमच्या टीममध्ये एक काका आहेत. कॉलर माइक लावताना प्रत्येक स्पीकरला सांगतात, "गळ्यातला बॅज काढून टेबलावर ठेवा." स्पीकर काढत नाहीत; बॅजचं त्यांना अप्रूप असतं. मग काका स्वतः हात पुढे करून उभे राहतात, मिळेपर्यंत. कारण मान हलली की बॅज माइकवर आपटतो आणि अर्धा तास टक्-टक्. हॉलमध्ये ते ऐकूच येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र दुसरं काही ऐकू येत नाही, आणि नंतर काढताही येत नाही. घरी बसून नीट ऐकू येतंय ना? त्याचं श्रेय काकांच्या त्या पसरलेल्या हाताला.

कमी ऐकू येणारा

माझ्यासाठी लाइव्ह कॅप्शन (बोलणं तिथल्या तिथे टाइप होऊन पडद्यावर दिसणं) म्हणजे परिषद कळणं आणि न कळणं यातला फरक. टाइप करणारी व्यक्ती व्यावसायिक असते, तिला पैसे मिळतात. पण तिला 'कुबरनेटीस'सारखं सॉफ्टवेअरचं किंवा एखाद्या लायब्ररीचं चमत्कारिक नाव ऐकून कसं कळणार? एका परिषदेत एका स्वयंसेविकेने आठवडाभर आधीपासून स्पीकरांच्या मागे लागून प्रत्येकाकडून शब्दांची यादी घेतली होती. फंक्शनांची नावं, माणसांची नावं, लघुरूपं. पडद्यावर पहिल्यांदाच मला सगळी नावं बरोबर लिहिलेली दिसली. एरवी मी शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकावून काम भागवतो.

नकार मिळालेला

माझा टॉकचा प्रस्ताव नाकारला गेला होता. नकारासोबत चार ओळी होत्या: विषय चांगला आहे, पण ऐकणारा शेवटी काय घेऊन जाईल ते लिहिलेलं नाही, पंचवीस मिनिटांत एवढं मावणार नाही, फक्त दुसरा भाग करा. पुढच्या वेळी तेवढंच केलं आणि निवड झाली. त्या चार ओळी कुणी लिहिल्या, मला आजही माहीत नाही.

प्रस्ताव वाचणारी

मीही असू शकते! अनेक परिषदांत पहिल्या फेरीत आम्हालाही तुमची नावं दिसत नाहीत, नुसता मजकूर असतो. जागा थोड्या, प्रस्ताव ढीगभर. पसंत पडलेल्यावर लिहायला फार काही नसतं. वेळ जातो तो 'जवळजवळ जमलंय' अशांवर. कुणी सांगितलेलं नसतं तसं लिहायला. पण एकजण लिहितो म्हणून दुसऱ्याला लाज वाटते, मग सगळेच लिहितात.

लाइटनिंग टॉकचा भक्त

लाइटनिंग टॉक म्हणजे पाच मिनिटांचं छोटं भाषण. पाच मिनिटं झाली की घंटा वाजवणाऱ्या त्या निर्दय बाईंचे आभार. समोर प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्या कोअर टीममधले गृहस्थ होते, वाक्य अर्धवट होतं, तरी घंटा वाजली आणि बाईंनीच टाळ्या सुरू केल्या. मग सगळा हॉल टाळ्या वाजवतो आणि बोलणारा आपोआप थांबतो. नवशिक्यालाही तेवढीच पाच मिनिटं मिळाली.

खजिनदाराचा नवरा

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण जागेच्या करारात 'रद्द झाल्यास' हे कलम कितव्या पानावर असतं ते सांगू शकतो, कारण 2020 च्या मार्चमध्ये आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. तेव्हा पायकॉन यूएससारख्या मोठ्या परिषदेलाही प्रत्यक्ष भरणं रद्द करून ऑनलाइन जावं लागलं. छोट्यांचं काय झालं असेल बघा. बायको रोज ऑफिस संपलं की त्याच खुर्चीवर बसून दुसरी शिफ्ट सुरू करायची. एकेका तिकिटाचे पैसे परत, एकेका प्रायोजकाला फोन. प्रायोजकांपैकी काहींनी पैसे परत मागितले नाहीत, तेव्हा ती उठून दोन मिनिटं नुसती खिडकीशी उभी राहिली. स्टेजवर बोलावतात त्यांत खजिनदार बहुधा नसतोच. तो पावत्या मोजत असतो.

तक्रार केलेली

थोडक्यात लिहिते. एका परिषदेत एकाच्या वागण्याबद्दल मी तक्रार केली. आचारसंहिता सांभाळणाऱ्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "आत्ता तुला काय हवंय?" मला फक्त त्या हॉलमध्ये एकटीने बसायचं नव्हतं. दिवसभर कुणी ना कुणी माझ्या शेजारी येऊन बसत राहिलं, कारण न विचारता. पुढे काय कारवाई झाली तेही त्यांनी मला लेखी कळवलं.

पायथन भाषेचं काम बघणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने 2012 मध्ये ठरवलं की आचारसंहिता नसलेल्या परिषदेला पैसे द्यायचे नाहीत. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. नियम कागदावर आणणं सोपंच. तो चालवायला त्या ताईंसारखं कुणीतरी फोन चालू ठेवून बसावं लागतं, आणि त्यांना त्यातलं काही कुणाला सांगताही येत नाही.

जरा कडू बोलणारा

सगळं वाचलं, छान आहे. पण दरवर्षी तेच पाचसहा चेहरे राबताना दिसतात आणि एके दिवशी गायब होतात, त्याचं काय? मोठ्या कंपन्या तिथून माणसं भरती करतात, स्वयंसेवकाला मिळतो टी-शर्ट. पायकॉन यूएसमध्ये तर वर्षानुवर्षं स्पीकर आणि आयोजकसुद्धा स्वतःचं तिकीट काढत असत. तत्त्व म्हणून मला ते पटतं, पण मग आभार मानायचे तर त्यांच्या हातातलं एखादं काम काढून घ्या. टाळ्या वाजवून त्यांची रजा परत येत नाही.

माजी आयोजक

कडू आहे, पण खरं आहे. मी सोडलं ते थकूनच. आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात. फीडबॅकचा फॉर्म आठवड्याच्या आत भरा, महिन्याने आलेलं कुणी वाचत नाही. आणि एखाद्याचं काम आवडलं तर त्याला नोकरीत दाखवता येईल असं दोन परिच्छेदांचं पत्र द्या: काय केलं, किती लोकांसाठी केलं, काय अडलं नि कसं सोडवलं. मला असं एकच पत्र मिळालं. पुढच्या मुलाखतीत तेच कामाला आलं.

नवीन सदस्य

मला कोड फारसा येत नाही, शिकतेय. तरी स्वयंसेवक होता येईल का?

रनर (वरचा 'न बोलणारा' कदाचित मीच)

होता येईल. लिफ्ट कुठली बंद पडते, कुठल्या हॉलला मागून दार आहे आणि स्पीकर घाबरला की कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतो, एवढं आलं की झालं. पुढच्या वेळचा फॉर्म निघाला की त्यात 'रनर'समोर खूण कर. आदल्या संध्याकाळी इमारतीतून एक फेरी मी घालून देईन.