कथा सोडून ललित लेखाकडेच मन का ओढतं?

खाडीकाठ: कथा लिहायला बसते आणि हातून ललित लेखच उतरतो. कथेत पात्राचं पुढे काय होणार ते मला ठरवावं लागतं. ललित लेखात उत्तर हाती नसतानाही लिहिता येतं. आई अजून रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, साली आगळात, त्याच्याच रसात, बुडवून पुन्हा उन्हात टाकते, काळ्याकुट्ट होईपर्यंत. आम्ही सगळी मुंबईत. एवढी आमसुलं ती कुणासाठी करते? हा प्रश्न मला माझ्याच तोंडाने विचारायचाय. पात्राच्या तोंडी घातला की त्याची धग जाते.

जांभाचिरा: ताई, नेमकं हेच खटकतं. रत्नागिरीकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळी माणसं येतात, बायकापोरांसह बागेतच राहतात. दिवाळी अंकांतल्या ललित लेखांत मला ती भेटत नाहीत. भेटतं ते लेखकाचं आजोळ, माजघर, पडवी. 'मी'च्या नजरेत मावेल तेवढंच कोकण! कथाकाराला निदान दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं.

रापण: 'मी' आला म्हणजे स्वतःचंच कौतुक, असं नाही. इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती' हा ललित लेख वाचा. सभेत मोठ्या घरची सून, अमक्यांची पत्नी अशी ओळख होते, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यातली पोरं वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती उणीव भरून निघते. हे कथेत असतं तर रचलेलं वाटलं असतं. बाईंनी स्वतःचं म्हणून सांगितलं, म्हणून पटतं.

आगोट: माका ह्यां पटणा नाय. गाव केवढं! ललित लेख छापून आला की काकी पहिल्याच ओळीत स्वतःला ओळखते आणि गणपतीत बोलत नाही. कथेत आडोसा असतो. आणि एकच का धरायचं? वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्यात मास्तर होते, त्या काळात कथा-कादंबऱ्याही लिहिल्या आणि लघुनिबंधही, म्हणजे तेव्हाचे ललित लेखच.

खाडीकाठ: काकीचा मुद्दा खरा आहे, घरच्यांबद्दलचं मी आधी त्यांना वाचून दाखवते. पण जांभाचिरादादा, त्या राखणदाराच्या मनात शिरायला मला त्याची भाषा तरी कुठे येते? त्याचे विचार मी रचले तर ती शुद्ध थाप होईल. त्याची बायको आमच्या विहिरीवर पाणी भरते, आईला 'आमा' म्हणते. आई तिला आमसुलं बांधून देते. एवढं मी पाहिलंय, एवढंच लिहीन.

जांभाचिरा: मग आधी तेच लिहा. पण विहिरीवरून खोपटात परतल्यावर ती नवऱ्याला काय सांगते, ते तुमच्या लेखात येणार नाही. मला ते वाचायचंय.