मदत हवी आहे : 'द लाइफ ऑफ रायली'चे जॅकी ग्लीसनवाले भाग (१९४९-५०)

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. 'द लाइफ ऑफ रायली' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा एक भाग आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दाखवायचा आहे, मराठी सबटायटल्ससकट. मला हवी आहे ती १९४९-५० ची, जॅकी ग्लीसननं रायलीचं काम केलेली मालिका. विल्यम बेंडिक्सची नको. सगळा घोळ इथेच आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेस्टर रायली हा लॉस एंजेलिसमधल्या विमानाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणारा कामगार. घरात बायको पेग, वयात आलेली मुलगी बॅब्ज आणि मुलगा ज्युनियर. शेजारी जिम गिलिस, तोही त्याच कारखान्यातला. रायली मनाचा चांगला, पण कुठल्याही गोष्टीत नको तितकं लक्ष घालणार, ती बिघडवणार आणि मग पेग ती निस्तरणार. मधूनच डिगर ओडेल हा अंत्यसंस्काराचा धंदा करणारा गृहस्थ उगवतो आणि मधाळ आवाजात थडग्या-शवपेट्यांवरच्या कोट्या करून निघून जातो. मला तर रायलीपेक्षा तोच जास्त आवडला.

रेडिओवर ही मालिका १९४४ पासून चालू होती. लेखक इर्व्हिंग ब्रेचर. त्यानं मुळात हे ग्राउचो मार्क्स या विनोदी नटासाठी बेतलं होतं, पण ग्राउचो कुटुंबवत्सल बाप म्हणून प्रायोजकांच्या गळी उतरेना. मग बेंडिक्स आला आणि त्याचा जाड, घोगरा आवाज म्हणजेच रायली असं समीकरण झालं. टीव्हीवर आणायची वेळ आली तेव्हा बेंडिक्स चित्रपटाच्या करारात अडकलेला. म्हणून त्या जागी ग्लीसन, वय ३३. ४ ऑक्टोबर १९४९ ला एनबीसी वाहिनीवर पहिला भाग लागला. जानेवारी १९५० मध्ये 'टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट' या गटातलं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं आणि २८ मार्चला मालिका संपलीसुद्धा! एकूण भाग २६. पुढे १९५३ मध्ये बेंडिक्स मोकळा झाल्यावर नव्यानं मालिका निघाली, ती १९५८ पर्यंत चालली, २१७ भाग. साहजिकच लोकांच्या लक्षात राहिली ती दुसरी.

आता माझ्या अडचणी. नेटवर या नावानं शोधलं की दोन्ही मालिका एकत्र कालवलेल्या सापडतात. फायलीवर '१९४९' लिहिलेलं असतं आणि आत बेंडिक्स निघतो. रेडिओच्या भागावर ग्लीसनचा फोटो चिकटवलेला असतो. त्यात १९४९ चा बेंडिक्सचाच चित्रपट आहे, बीबीसीची २००९ ची याच नावाची भलतीच मालिका आहे. प्रत्येक फाइल पूर्ण बघत बसायला वेळ नाही. पटकन ओळखायची काही खूण आहे का?

दुसरी अडचण जास्त गंभीर. वाचनालयातल्या चार-पाच जणांना एक भाग बसवून दाखवला. कोणीही हसलं नाही. भाग वाईट नव्हता. पण त्यात प्रेक्षकांचं हसणंच नाही, कृत्रिमही नाही. रायली काहीतरी बोलतो, थांबतो, पुढे नुसती शांतता. एकानं सुचवलं की आपणच मागे हशा टाकू. मला ते पटत नाही, पण सभागृहात पन्नास माणसं गप्प बसली तर काय करायचं?

शिवाय हक्कांचं काय? तिकीट नाही, पण सभागृह सार्वजनिक आहे.

– ओसरी

जुना रेडिओ :

ओळखणं सोपं आहे, ताई. रायलीचा चेहरा दिसेपर्यंतही थांबू नका, श्रेयनामावली बघा. पेग म्हणून रोझमेरी डिकॅम्प असेल तर ग्लीसनची, मार्जरी रेनॉल्ड्स असेल तर बेंडिक्सची. ज्युनियर लॅनी रीस की वेस्ली मॉर्गन, बॅब्ज ग्लोरिया विंटर्स की लुजीन सँडर्स, हेही तसंच. एक फसवी जागा सांगून ठेवतो : डिकॅम्प आणि रीस हे दोघं १९४९ च्या चित्रपटातही आहेत, बेंडिक्सबरोबर. पण तो पूर्ण लांबीचा चित्रपट आहे, मालिकेचा भाग अर्ध्या तासाच्या आतला. लांबी बघितली की कळेल.

डिगरबद्दल तुमच्याशी सहमत. जॉन ब्राउन. रेडिओवर हाच माणूस गिलिसही करायचा आणि डिगरही. टीव्हीवर गिलिस सिड टोमॅकला दिला, कारण पडद्यावर दोन्ही करता येईना.

हडसनकाठी :

हशाबद्दल लिहितो. कृपया मागून हशा टाकू नका.

मालिका फिल्मवर चित्रित झाली आहे, समोर प्रेक्षक न बसवता. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमधले बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे. पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा जोडणारी टीव्हीची यंत्रणा १९५१ मध्ये झाली, म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये बनवून देशभर दाखवायचं तर फिल्म हाच चांगला मार्ग. टीव्हीवर तयार हशा मागून जोडायची पद्धतही तेव्हा रुळलेली नव्हती. फिल्म होती म्हणूनच आज हे भाग इतके स्वच्छ दिसतात. थेट कार्यक्रमांचं पडद्यावरून केलेलं चित्रण बघा, सगळं पाण्यात बुडल्यासारखं दिसतं.

पण या फिल्मनंच ग्लीसनला मारलं असं माझं मत आहे. तो नाइट क्लबमधला गडी. समोरच्या टेबलावरचा माणूस हसला की पुढचं वाक्य कसं टाकायचं ते ठरवणारा. त्याला रिकाम्या स्टुडिओत उभं केलं आणि दुसऱ्याच्या आवाजासाठी लिहिलेली वाक्यं दिली. हाच माणूस जुलै १९५० मध्ये ड्युमाँट वाहिनीवरच्या 'कॅव्हलकेड ऑफ स्टार्स'मध्ये गेला. तिथे १९५१ च्या ऑक्टोबरात त्यानं ब्रुकलिनच्या बस ड्रायव्हरचं, राल्फ क्रॅमडेनचं प्रहसन पहिल्यांदा केलं. त्यातूनच 'द हनीमूनर्स', १९५५-५६, ३९ भाग, थिएटरात प्रेक्षकांसमोर. पुन्हा कामगारच, पुन्हा हट्टी आणि भाबडा, पण आता खोली दणाणते.

न्यू जर्सीहून बसनं मॅनहॅटनला जाणाऱ्या आपल्या मंडळींना माहीत असेल, पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलच्या बाहेर या क्रॅमडेनचा ड्रायव्हरच्या गणवेशातला पुतळा बसवला होता. रायलीचा पुतळा कुठे असल्याचं ऐकिवात नाही.

माझी सूचना : रायलीचा एक आणि 'हनीमूनर्स'चा एक, असे दोन्ही लागोपाठ दाखवा.

भर दुपारी :

सूचना छान, पण 'हनीमूनर्स'चे हक्क अमेरिकेत शाबूत आहेत. त्या वाटेला परवानगीशिवाय जाऊ नका.

रायलीबद्दल. अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या कृतींचे हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावे लागत. ग्लीसनवाल्या भागांचं ते झालं नाही असंच धरलं जातं. म्हणूनच ते डझनभर कंपन्यांच्या स्वस्त डीव्हीडींवर सापडतात. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे तो २०१० अखेर संपला. कोणी म्हणेल की पटकथेचा हक्क वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ब्रेचर तर २००८ मध्ये गेला. बरोबर आहे, पण परदेशी कृतीला भारतात तिच्या मूळ देशातल्यापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. तरीही वाचनालयाच्या ओळखीचे एखादे वकील असतील तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. बेंडिक्सच्या भागांना हा हिशेब डोळे झाकून लावू नका.

नाइट शिफ्ट :

जरा वेगळं बोलतो, राग मानू नये. मला ही मालिका मुळात विनोदीच वाटत नाही. बाप मूर्ख, बायको शहाणी, पोरं बापावर डोळे फिरवणार. आणि 'कामगार कुटुंब' म्हणायचं कशावरून? स्वतंत्र घर, पुढे-मागे अंगण, घरात फोन. मी वीस वर्षं कारखान्यात काढली. आमच्या चाळीत फोन होता तो खाली वाण्याकडे.

ओसरी :

राग कसला, तुमच्यासारखं बोलणारे प्रेक्षक शनिवारी समोर असणारच आहेत!

घराचं म्हणाल तर ते त्या गावाचं आणि त्या काळाचं खरं चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसभोवती डग्लस, लॉकहीड, नॉर्थ अमेरिकन यांचे विमान कारखाने प्रचंड वाढले. देशभरातून माणसं तिथे आली, बाहेरून आलेल्या कामगारांनी उपनगरं भरली. युद्धानंतर कर्जावर छोटं घर घेणं पगारदार कामगाराच्या आवाक्यात आलं. (गोऱ्या कामगाराच्या, हे सांगायलाच हवं. कित्येक वस्त्यांत बाकीच्यांना घरच मिळत नसे, आणि मालिकेत त्याचा मागमूस नाही.) रायली गरीब नाही. पण पगार महिनाअखेर पुरेल ना, साहेब नाराज तर होणार नाही ना, पोरीचा मित्र आपल्यापेक्षा वरच्या घरातला निघाला तर काय, ही धाकधूक कामगाराचीच आहे.

बाप मूर्ख हे मान्य. पण ग्लीसनचा रायली बघताना मला एक दिसलं. बेंडिक्सचा रायली चुकतो तेव्हा बावळट वाटतो. ग्लीसनचा चुकतो तेव्हा त्याला लाज वाटते. तो खांदे पाडून उभा राहतो आणि हसू येण्याऐवजी कसंतरीच होतं. विनोदी मालिकेला हे परवडणारं नसावं, पण मला तेच दाखवायचं आहे.

जुना रेडिओ :

हडसनकाठी यांचं अर्धंच पटतं. समोर प्रेक्षक नव्हते हे खरं, पण मोठी अडचण वेगळी होती. टीव्हीवर ग्लीसन दिसत होता तेव्हा रेडिओवर बेंडिक्स चालूच होता, १९५१ पर्यंत. वाहिनी तीच, प्रायोजकही तोच, पाब्स्ट बिअर. श्रोत्यांनी या आठवड्यात एक रायली ऐकायचा आणि भलताच रायली बघायचा. १९५० मध्ये अमेरिकेत जेमतेम ९ टक्के घरांत टीव्ही होता. बाकी देशाला रायली म्हणजे फक्त तो आवाज.

आणि मालिका बंद पडली ती ग्लीसन नापसंत झाला म्हणून, हेही पूर्ण खरं नाही. तेव्हा पूर्ण हंगाम ३९ आठवड्यांचा असे. २६ भागांनंतर पुढे न्यायचं की नाही यावर ब्रेचर आणि पाब्स्ट यांचं जमेना, आणि मालिका तिथेच राहिली. व्यवहार फिसकटला, एवढंच.

म्हणून ताई, दोन टीव्ही भाग दाखवण्यापेक्षा असं करा. आधी दिवे मालवून बेंडिक्सच्या रेडिओ-रायलीची चार-पाच मिनिटं ऐकवा. प्रेक्षकांच्या हशासकट. तो आवाज कानात बसला की मग ग्लीसनचा भाग लावा. १९४९ च्या प्रेक्षकाला काय खटकलं ते समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

नाइट शिफ्ट :

हे ऐकायला मी येईन. अर्थात गाव कुठलं ते कळलं तर.

हडसनकाठी :

जुना रेडिओ, प्रायोजकाचा मुद्दा मान्य. तरी स्टुडिओ रिकामा होता यावर मी ठाम आहे. बेंडिक्सलासुद्धा रेडिओवर समोर हसणारी माणसं होती.

भर दुपारी :

सबटायटल्सबद्दल कोणीच बोललं नाही. एका वेळी दोनच ओळी, आणि वाक्य तोडायचं ते अर्थाच्या जागी, क्रियापद पुढच्या पाटीवर ढकलून नव्हे. रायली भराभरा बोलतो, सगळं उतरवायला जाल तर लोक वाचत बसतील आणि ग्लीसनचा चेहरा हुकेल. तुम्हाला दाखवायचा आहे तो चेहराच ना? मग एक तृतीयांश मजकूर बिनदिक्कत गाळा. डिगरच्या कोट्यांसाठी मात्र पाटी जरा उशिरा आणा. त्याचं वाक्य संपायच्या आत वाचून झालं तर पंच फुकट जातो.

फाइल एसआरटी (सबटायटल्सची साधी मजकूर-फाइल) स्वरूपात, यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्येच साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. पेन ड्राइव्ह लावून टीव्हीवर दाखवणार असाल तर आधी त्याच टीव्हीवर तपासा. कित्येक टीव्ही देवनागरी जोडाक्षरं मोडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर टाकतात. तसं झालं तर हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरनं सबटायटल्स चित्रातच कायमची छापून घ्या, मग कुठल्याही यंत्रावर नीट दिसतील.

ओसरी :

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : आधी बेंडिक्सचा रेडिओ, मग ग्लीसनचा एकच भाग, मागून हशा नाही. 'हनीमूनर्स' दाखवणार नाही, पण क्रॅमडेनबद्दल आणि पुतळ्याबद्दल बोलेन. डिकॅम्प आणि विंटर्स या खुणेनं फायली चाळल्या, निम्म्या बाद झाल्या. भाग बहुतेक पहिलाच घेईन, 'टॉन्सिल्स'. डॉक्टर आणि ऑपरेशनची भीती कुठल्याही गावात समजते. नाइट शिफ्ट, गावाचं नाव खासगी निरोपात कळवते.

एकच राहिलं. सबटायटल्सचा कच्चा मसुदा झालाय. इंग्रजी ऐकून आणि मराठी वाचून, दोन्ही बाजूंनी कोणी तपासून देईल का? पंचवीस-सव्वीस मिनिटांचंच काम आहे. सभागृहातल्या टीव्हीनं वेलांट्या मोडल्याच, त्यामुळे चित्रात छापायच्या आधी चुका निघायला हव्यात.

जुना रेडिओ :

पाठवा. डिगरचा प्रवेश मी आधी बघतो, बाकीचं गुरुवारपर्यंत.