अमेरिका इंग्रजांकडेच राहिली असती तर?

वऱ्हाडी ठेचा
सप्टेंबर १७७४, फिलाडेल्फिया. वसाहतींची पहिली काँग्रेस भरलेली. पेनसिल्व्हेनियाच्या जोसेफ गॅलोवेने तोडगा मांडला: राजा तोच, त्याने नेमलेला एक प्रेसिडेंट-जनरल, आणि वसाहतींनी निवडून दिलेली एक मोठी सभा. अमेरिकेला लागू होणाऱ्या कायद्याला लंडनचं पार्लमेंट आणि ही सभा, दोघांचीही मंजुरी हवी. थोडक्या मतांनी तो मागे पडला. पुढे इतिवृत्तातूनही खोडून टाकला.

माझं स्पष्ट मत: तो मान्य झाला असता तर अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं भलं झालं असतं. इंग्रजांनी गुलामगिरीविरुद्धचा कायदा १८३३ मध्ये केला, अमेरिकेला १८६५ उजाडलं, तेही यादवी युद्धात चार वर्षं एकमेकांच्या नरडीचा घोट घेऊन. लाखो माणसं गेली त्यात. दुसरं म्हणजे १७६३ चा राजाचा जाहीरनामा: ॲपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायची नाही. तिकडच्या जमिनींवर डोळा असलेल्यांत खुद्द वॉशिंग्टन होता. स्वातंत्र्य मिळालं आणि मूळ रहिवाशांचा तोही आडोसा गेला.

आणि बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा? १७७३ च्या कायद्याने तो स्वस्त झाला होता हो! पाउंडाला तीन पेन्स कर, त्यावरून एवढा तमाशा.

सातबारा
कराच्या रकमेचा वाद नव्हताच, कर लावणारे तुम्ही कोण असा होता. ते राहू दे. तुमचाच तोडगा परत वाचा. कायद्याला दोन्हीकडची मंजुरी हवी. म्हणजे १८३३ चं विधेयक फिलाडेल्फियाला गेलं असतं आणि व्हर्जिनिया-कॅरोलिनाच्या मळेवाल्यांनी ते तिथेच गाडलं असतं! व्हेटो तुम्हीच त्यांच्या हातात दिलात.

आता हिशेब. इंग्रजांनी साधारण ८ लाख गुलामांपोटी २ कोटी पाउंड भरपाई दिली. कोणाला? मालकांना. गुलामांच्या हातावर दमडी नाही. अमेरिकेत १८३० च्या जनगणनेत २० लाख गुलाम होते, आणि त्यांनी पिकवलेल्या कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या. जमैकाच्या साखरवाल्यांना नमवणं वेगळं, हे प्रकरण वेगळं. त्या कायद्यातून कंपनीचा हिंदुस्थान वगळला होता हेही विसरू नका. आपल्याकडे १८४३ मध्ये कायदा झाला.

वऱ्हाडी ठेचा
व्हेटोचा मुद्दा दमदार आहे, पण गुलामांनी स्वतः काय निवडलं ते बघा. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं: बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढायला आले तर मोकळे. लोक जिवावर उदार होऊन पळाले. त्यांतला एक हॅरी वॉशिंग्टन, थेट जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावरचा. १७८३ मध्ये इंग्रज न्यू यॉर्क सोडत असताना त्यांच्या जनरल कार्लटनकडे वॉशिंग्टनने पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटनने साफ नकार दिला. सुमारे तीन हजार काळी माणसं जहाजांतून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेली, नावं वहीत नोंदवून. हॅरी त्यांत होता. स्वातंत्र्याच्या बाता मारणाऱ्याचा गुलाम राजाच्या आश्रयाला गेला, आता बोला.

टोरांटोकर
इथे राहतो म्हणून लिहितो. अमेरिकेचा 'मोठा कॅनडा झाला असता' असं सगळे धरून चालतात. अहो, पण कॅनडा असा झाला कशामुळे? १८३७ मध्ये इथेही बंड झालं, तेव्हा लंडनला १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याचा चटका आठवत होता. म्हणून लॉर्ड डरहॅमला चौकशीला पाठवलं, आणि १८४८ पर्यंत जबाबदार सरकार, म्हणजे निवडून आलेल्या सभेला उत्तर देणारं सरकार, मिळालं. तेरा वसाहती हातच्या गेल्या नसत्या तर एवढी नरमाई कोण दाखवणार?

मूळ रहिवाशांचंही तेच. १७६३ च्या जाहीरनाम्याचा उल्लेख आमच्या राज्यघटनेत आजही आहे. तरी त्यांची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबलीच. आणि सम्राटाची प्रजा सगळी सारखी म्हणावं तर १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी. बहुतेकांना उतरूही न देता परत पाठवलं.

नानांचा कारकून
आपल्या घरचं कोणी काढेना म्हणून मी काढतो. १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल म्हणून हजर! तिकडे नाक कापलं गेलं, इकडे टिपूवर चाल, आणि सोबतीला आपलेच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. तिकडचं युद्ध चालू असतानाच इकडे वडगावला इंग्रजांचा पराभव आणि सालबाईचा तह घडला. अमेरिकेत गुंतलेलं सैन्य आणि पैसा मोकळा असता तर पुणे दरबाराला १८१८ पर्यंत श्वास मिळाला असता का?

मुंबईची गोष्ट तर वेगळीच. १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर, सगळी धमाल. १८६५ मध्ये लढाई थांबली आणि धाडकन दिवाळं निघालं. ती लढाई नसती तर ना तो पैसा, ना ते दिवाळं.

जाईजुई
आणि जोतीराव? १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून. त्यांनी तरुणपणी वाचलेला लेखक टॉमस पेन १७७६ मुळेच नावारूपाला आला. ठेचासाहेब, तुमच्या त्या मोठ्या कॅनडात पेन कोण होता? नोकरी गेलेला एक अबकारी कारकून.

वऱ्हाडी ठेचा
अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्यांना, १७७६ वाल्यांना नव्हे. त्यांतले कित्येक तर गुलाम बाळगून होते. माझं मत बदललेलं नाही. हॅरी वॉशिंग्टनला विचारा.

सातबारा
विचारू की. नोव्हा स्कोशियात थंडी आणि हलाखी सोसून हॅरी १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेला. तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा बसवला. १८०० मध्ये लोकांनी त्यावरून बंड केलं, हॅरी त्यात सामील. कंपनीने त्याला हद्दपार केलं.