अनुभव धागा : ‘तुमचे पार्सल अडकले आहे’

आज सकाळी लेकीने मोबाईल पुढे केला, “आई, तुझं पार्सल अडकलंय म्हणे.” मेल वाचला आणि पोटात गोळाच आला. तोच मजकूर! ‘प्रिय ग्राहक, पत्ता अपूर्ण, २४ तासांत २५ रुपये भरा, अन्यथा पार्सल परत.’ मागे गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मला असाच आला होता. घरात पाहुणे, मिक्सर मागवलेला, दोन दिवस दाराकडे डोळे. २५ रुपयांसाठी कोण विचार करतं? कार्डाचा नंबर टाकला, मागचे ३ आकडे टाकले, ओटीपी टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये ९,८०० लिहिलेलं होतं, मी फक्त ते ६ आकडे बघितले. मिक्सर दुसऱ्या दिवशी आला, पत्ता बरोबरच होता. वर्षभर घरात कुणाला बोलले नाही. तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा, मनात ठेवू नका.

जुळे सोलापूरकर
ताई, ते ६ आकडे सगळेच बघतात ओ. वाईट वाटून घेऊ नका. आईला आता सांगून ठेवलंय, आधी रक्कम वाच, मग आकडे.

चादरवाला
माझं उलटं. आम्ही चादरी-टॉवेल ऑनलाइन विकतो. एकाने २०० टॉवेलची ऑर्डर दिली, ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला. स्कॅन केला, पिन टाकणार एवढ्यात भावाने हात धरला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपलेच जातात. १२ वर्षं धंद्यात आहे, तरी त्या मिनिटाला सुचलं नाही.

शेंगाचटणी
मेल मराठीत होता का? आधी मोडकंतोडकं असायचं, लगेच कळायचं. हल्ली एकदम शुद्ध येतं. कुकर झाला, नंतर लिहिते.

विजापूर रोड
मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबा, खरा पत्ता उघडतो. नाव दुकानाचं आणि पत्ता भलताच. लिंकचंही तसंच. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, डॉट कॉमला किंवा डॉट इनला चिकटून जो शब्द असतो, तोच मालक. त्याच्या आधी कुठल्याही दुकानाचं नाव लावता येतं. मी मेलमधून जातच नाही. ॲप उघडून ऑर्डर बघतो, खरंच अडकलं असेल तर तिथे दिसतंच की.

चादरवाला
हे भारी सांगितलंत दादा. कामगारांच्या ग्रुपवर टाकू का?

विजापूर रोड
टाका की.

नवी पेठ
आमच्या मिस्टरांचे सेलच्या वेळी २२,००० गेले. रिफंडचा मेल होता. त्यांनी आधी बँकेला सांगून कार्ड बंद केलं आणि अर्ध्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. समोरच्या खात्यात १५,००० शिल्लक होते, ते गोठवले. हातात यायला ४ महिने आणि कितीतरी चकरा. पण आले. ताई, तुम्ही तक्रार केली होती का?

धागाकर्ती
नाही. १९३० माहीतच नव्हता. आज लेकीने फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय, सासूबाईंना लांबूनही वाचता येतो.

शेंगाचटणी
आले. पुण्याला भाचीला चटणी पाठवायची आहे, कुरिअरमध्ये तेल गळत नाही ना? आणि ताई, तो मिक्सर चालतोय का?

धागाकर्ती
चालतोय. चटणी मात्र उखळातच कुटते.