मदत हवी आहे: ०५८८२३५२९४११७६४७ आठवीच्या मुलीला कसा समजावू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकरोडला राहते. भाची आठवीत आहे. देवळालीच्या कापरेकर गुरुजींबद्दल (शाळेत शिकवता शिकवता संख्यांच्या गमती शोधणारे गणिती) तिला सांगत होते, तेव्हा १४२८५७ चा विषय निघाला. याचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ केलं की पुन्हा १४२८५७! म्हणजे ही कापरेकर संख्या (वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते, अशी). शिवाय २ ते ६ पैकी कशानेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात. ७ ने गुणलं की ९९९९९९.

हे सगळं १/७ च्या दशांशातून येतं, इथवर तिला पटलं. मग तिने १/१७ चा भागाकार हाताने केला (पाऊण तास लागला, पण सोडलं नाही) आणि शीर्षकातली सोळा अंकी संख्या मिळाली. सुरुवातीचं शून्य धरायचं हं. दुप्पट केली तर ११७६४७०५८८२३५२९४, तेच चक्र! मधोमध तोडून बेरीज केली, तर ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. पोरगी अक्षरशः उड्या मारत होती.

अडलंय ते १३ पाशी. १/१३ च्या दशांशातून येणाऱ्या ०७६९२३ ला ३ ने गुणलं की २३०७६९, म्हणजे चक्र फिरतं. पण २ ने गुणलं की १५३८४६, अंकच वेगळे. १३ सुद्धा मूळ संख्याच, मग तिची दोन चक्रं का? भागाकारातल्या बाक्या १२ ऐवजी ६ च येतात, एवढं मला दिसतं. पण ६ च का? कॉलेजचं गणित न आणता कुणी सांगू शकेल का? भागाकार मांडलेल्या वहीचा फोटो चालेल.