मदत हवी आहे: व्हीएचा २१-४१४० फॉर्म आलाय, कमाईचं नेमकं काय लिहायचं? (अमेरिका)

नमस्कार मंडळी. अमेरिकन सैन्याशी संबंध असलेलं इथे कोणी आहे का, कल्पना नाही, तरी विचारून बघते.

आम्ही टेक्सासमध्ये असतो. नवरा ग्रीन कार्डावर असताना यूएस आर्मीत भरती झाला, तिथेच नागरिकत्व मिळालं. पाठीची दुखापत आणि पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणाचा विकार) घेऊन बाहेर पडला. व्हीएने (अमेरिकेचं माजी सैनिकांचं सरकारी खातं) त्याला एकूण ७० टक्के अपंगत्व दिलंय. या दुखण्यांमुळे नियमित नोकरी टिकत नाही म्हणून आययू (इंडिव्हिज्युअल अनएम्प्लॉयेबिलिटी) मंजूर आहे, म्हणजे पैसे १०० टक्क्यांच्या दराने मिळतात. २०२५च्या दराने नवरा-बायको दोघंच असतील तर ७० टक्क्यांना महिन्याला १,९०० डॉलरच्या किंचित वर आणि १०० टक्क्यांना ४,०००च्या किंचित वर. मधला फरक म्हणजे आमचं घरभाडं आणि गाडीचा हप्ता.

आम्ही साताऱ्याला गेलो होतो तेव्हा व्हीएचं पत्र येऊन पडलं. गेल्या बारा महिन्यांत काम केलं का, कुठे, आठवड्याला किती तास, आजारपणात किती वेळ बुडाला, कमाई किती, असं सगळं विचारलंय. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांची मुदत, आणि त्यातले बरेच दिवस टपालपेटीतच गेले. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. ते म्हणाले, "आम्ही नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो तसंच असेल, सही करा आणि टाका पाठवून." मला ते तितकं सोपं वाटत नाहीये.

अडचण अशी. गेल्या वर्षी मार्चमध्ये तो हट्टाने एका गोदामात कामाला लागला. पाठ धरायची, रात्रीची झोप नाही, खाडे वाढत गेले, आणि सप्टेंबरात सोडलं. डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) साधारण १७ हजार डॉलर दिसतात. व्हीए कमाई जिच्याशी ताडून बघते ती एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा २०२४ला १५-१६ हजारांच्या घरात होती, म्हणजे आम्ही तिच्या थोडे वर. मग आययू जाणार का?

दुसरं म्हणजे माझा डब्यांचा व्यवसाय आहे, माझ्या नावावर. बरं वाटतं त्या दिवशी तो डबे भरू लागतो, कधी गाडी घेऊन पोचवून येतो. पैसे घेत नाही. तो म्हणतो, बायकोला मदत केली याला नोकरी कोण म्हणतं, लिहायचं नाही. मला वाटतं, लिहावं. घरात दोन तट पडलेत (दोनच माणसं, त्यामुळे बहुमत होत नाही).

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः आययूवर आहे, नेव्हीतून निवृत्त. आधी काळजी कमी करतो.

पूर्वी हा फॉर्म दरवर्षी सरसकट यायचा. २०१९ पासून व्हीए सोशल सिक्युरिटीकडच्या (सरकारी पेन्शन-विम्याचं खातं) कमाईच्या नोंदी जुळवून बघते आणि ज्यांच्या नावावर दारिद्र्यरेषेच्या वरची कमाई दिसते त्यांच्याकडे पाठवते. म्हणजे गोदामाची नोकरी त्यांना आधीच दिसलेली आहे. तिथे 'काम केलं नाही' असं लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. सही खरेपणाची असते, खोटं निघालं तर वसुली आणि वर गुन्हा.

पण नोकरी लागली म्हणून लगेच आययू काढत नाहीत. ३८ सीएफआर (व्हीएला लागू असलेले केंद्रीय नियम) ३.३४३ मध्ये स्पष्ट आहे: पोटापुरती खरी नोकरी सलग १२ महिने टिकली तरच केवळ त्या कारणावर आययू कमी करता येतो. तुमची मार्च ते सप्टेंबर, आणि सुटलीसुद्धा त्याच दुखण्यामुळे. म्हणून 'आजारपणात किती वेळ बुडाला' हा रकाना कोरा सोडू नका. बहुतेक लोक कमाईच्या आकड्यावर नजर खिळवून बसतात आणि हा रकाना पाटी पुसल्यासारखा मोकळा ठेवतात. खाड्यांच्या नोंदी, डॉक्टरांची चिठ्ठी, राजीनाम्याचा ईमेल, जे असेल ते जोडा. कमाई कापाकापीच्या आधीची लिहायची, हातात आलेली नाही. आणि गेल्या १२ महिन्यांत जेवढं काम येतं तेवढ्याच्या तारखा नीट घाला.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण हा हयातीचा दाखला नव्हे. तिथे माणूस आहे का एवढंच बघतात. इथे माणूस काय करतो ते विचारतात.

प्रतिसाद २

मी सीए नाही, सीपीए (अमेरिकेतली परवानाधारक अकाउंटंट) आहे, टॅक्सच्या बाजूने सांगते. तुमच्या डब्यांचा शेड्यूल सी (टॅक्स रिटर्नमधला धंद्याच्या नफ्याचा तक्ता) फक्त तुमच्या नावावर असेल आणि त्यांच्या नावाने स्वयंरोजगाराचा कर भरला जात नसेल, तर त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत त्या व्यवसायाचं काही चढत नाही. तुमची कमाई त्यांच्या आययूत मोजली जात नाही. घरभाड्याचं उत्पन्न, बँकेचं व्याज, पेन्शन हेसुद्धा 'कष्टाची कमाई' नाही.

मात्र टॅक्स वाचवायला कोणी 'दोघांचा धंदा दाखवा, अर्धा नफा त्यांच्या नावावर टाका' असा सल्ला दिला तर आधी थांबा. तो अर्धा भाग त्यांची कमाई होतो.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचे खूप आभार. मग डब्यांच्या मदतीचं लिहायचं का? पैसेच नाहीत तर कुठल्या रकान्यात?

प्रतिसाद ४

प्रतिसाद १ वाला पुन्हा. माझं मत, लिहा. फॉर्ममध्ये स्वयंरोजगाराचंही विचारलंय. सोबत एक साधं निवेदन जोडा: व्यवसाय बायकोचा, मोबदला नाही, ठरलेले तास नाहीत, बरं नसेल त्या दिवशी येत नाही. नियम ४.१६ मध्ये घरच्या धंद्यासारख्या सांभाळून घेणाऱ्या जागेतलं काम 'किरकोळ रोजगार' (म्हणजे आययूच्या आड न येणारा) धरता येतो, कमाई रेषेच्या वर गेली तरी, परिस्थिती बघून. तुमच्याकडे तर कमाईच नाही. लपवलं आणि उद्या तपासणीत डॉक्टरांना तो सहज म्हणाला की 'मी डबे पोचवतो', तर ते वाईट दिसेल.

फॉर्म एकट्याने भरू नका. काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, किंवा डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. 'तुमचा आययू वाचवून देतो' म्हणत टक्केवारी मागणारे फोन येतील, ते ठेवून द्या.

प्रतिसाद ५

मुदत टळली तर? माझ्या भावाचं तसंच झालं होतं म्हणून विचारते.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ५ साठी: उत्तर नाही गेलं तर दर मूळ टक्क्यांवर आणतात, पण आधी कपातीच्या प्रस्तावाचं पत्र येतं. पुरावा द्यायला ६० दिवस, आणि पहिल्या ३० दिवसांत सुनावणी मागता येते. त्या पत्रालाही उत्तर दिलं नाही तरच खरी पंचाईत. आययू २० वर्षं सलग चालू असेल तर हा फॉर्म लागत नाही, तेवढं भावाचं बघा.

धागाकर्तीसाठी एक. त्यांना सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ताही असेल तर त्यांची पट्टी वेगळी आहे. व्हीए वर्षाची कमाई बघते, ते महिन्याची. २०२५ला त्यांची मर्यादा महिना १,६२० डॉलर. तिथेही गोदामाची नोकरी वेगळी कळवावी लागते, व्हीएला कळवलं म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)

सोशल सिक्युरिटीचा भत्ता नाहीये, सुटले. काउंटीच्या ऑफिसरची वेळ मिळाली, या आठवड्यातलीच. फॉर्म आणि खाड्यांचे कागद त्यांच्यासमोर बसून ऑनलाइन चढवणार आणि पोच छापून ठेवणार. डब्यांचं निवेदन नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "पत्नीच्या आग्रहाखातर" एवढे शब्द मात्र मी खोडायला लावले.

अजून एक राहिलंच. गोदामवाल्यांकडे व्हीएने माहिती मागितली आणि त्यांनी सोडण्याचं कारण 'वैयक्तिक' लिहिलं तर? सुपरवायझरला सगळं माहीत होतं, पण ते आता तिथे नाहीत. अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद ८

मालक काय लिहील ते तुमच्या हातात नाही. त्या काळातल्या व्हीए डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी काढा. मार्च ते सप्टेंबर पाठीसाठी किंवा झोपेसाठी गेला असेल तर 'कामावर जमत नाही' हे वाक्य कुठेतरी असेलच. शिवाय सोबत काम केलेल्या कोणी स्वतः पाहिलेलं लिहून द्यायला तयार असेल तर फॉर्म २१-१०२१० वर (व्हीएचा साक्षीदाराच्या निवेदनाचा फॉर्म) घ्या. सुपरवायझर नोकरी सोडून गेले असले तरी ते लिहू शकतात.