रुग्णालयात एआय साधने सुरू करायची आहेत: आधी काय तपासावे, कुठून सुरुवात करावी?

गुणवत्ता_कक्ष

नमस्कार. २५० खाटांच्या रुग्णालयात एआय साधने आणण्याचे काम गुणवत्ता विभागाकडे आले आहे. व्यवस्थापनाने तीन साधने निवडली आहेत. एक छातीचे एक्स-रे तपासून संशयास्पद फिल्म रिपोर्टिंगच्या यादीत वर आणते, दुसरे वॉर्डातल्या रुग्णाला सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) होऊ घातल्याचा इशारा देते आणि तिसरे ओपीडीतले बोलणे ऐकून केसपेपर लिहिते. तिन्ही एकदम, तीन महिन्यांत सुरू व्हावीत अशी अपेक्षा आहे. एक्स-रेच्या साधनाबद्दल पुरवठादाराने '९४ टक्के अचूकता' असे लिहून दिले आहे.

हा आकडा कितपत धरायचा? चाचणी कशी आणि किती घ्यायची? करारात कोणत्या अटी हव्यातच? आणि साधन चुकले तर जबाबदारी कोणाची, हे कागदावर कसे मांडायचे?

क्षकिरण_वाचक

आधी तो ९४ चा आकडा बाजूला ठेवा. दर १०० फिल्ममध्ये ६ सदोष असतील, तर सगळ्याच फिल्मना 'नॉर्मल' म्हणणारे यंत्रसुद्धा ९४ टक्के अचूक ठरते आणि एकही रुग्ण पकडत नाही. पुरवठादाराकडून दोन वेगळे आकडे मागा: सदोष फिल्मपैकी किती पकडल्या आणि निर्दोष फिल्मपैकी किती बरोबर सोडल्या. मग ते तुमच्याकडच्या प्रमाणाला लावून बघा. समजा दोन्ही आकडे ९० टक्के आहेत आणि १,००० फिल्ममध्ये २० सदोष आहेत. साधन १८ पकडेल, पण ९८ निर्दोष फिल्मवरही खूण करेल. म्हणजे ११६ खुणांमध्ये खऱ्या १८. फक्त यादीचा क्रम बदलायचा असेल तर हे चालून जाते. प्रत्येक खुणेमागे सीटी स्कॅन सांगितला जाणार असेल, तर अजिबात चालणार नाही.

एका ठिकाणी मिळालेला आकडा दुसरीकडे टिकेलच असे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूमोनियावरच्या एका अभ्यासात, ज्या संस्थांच्या फिल्मवर मॉडेल शिकले तिथे त्याचा एयूसी (सदोष आणि निर्दोष वेगळे ओळखण्याचे माप; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) ०.९३१ होता, बाहेरच्या रुग्णालयात तो ०.८१५ वर आला. फिल्म कोणत्या संस्थेतली आहे हे मॉडेलला ओळखता येत होते आणि संस्थांमधले न्यूमोनियाचे प्रमाण वेगवेगळे होते. त्यामुळे फुप्फुसाकडे न बघताही त्याला बराचसा अंदाज बांधता येत होता.

म्हणून मूक चाचणी घ्या. साधन चालू ठेवायचे, पण त्याचा निकाल कोणालाही दाखवायचा नाही. तो फक्त साठवायचा आणि नंतर ताडून बघायचा. फिल्म निवडून घेऊ नका, येतील तशा सलग घ्या. बेडवर पोर्टेबल मशीनने काढलेल्या, जुन्या क्षयाचे व्रण असलेल्या, पेसमेकर किंवा नळ्या दिसणाऱ्या फिल्म त्यात यायलाच हव्यात, कारण साधन गडबडते ते तिथेच. दोन रेडिओलॉजिस्टनी एकमेकांचे मत न बघता वाचावे आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने ठरवावे.

चाचणीचा आवाका एकूण फिल्मवरून नाही, सदोष फिल्मच्या संख्येवरून ठरतो. ३० सदोष फिल्मपैकी २७ पकडल्या तर खरी क्षमता साधारण ७४ ते ९७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. १०० पैकी ९० पकडल्या तर हा पट्टा ८३ ते ९४ इतका अरुंद होतो. तेव्हा किमान १०० सदोष फिल्म गोळा होईपर्यंत थांबा, मग दोन आठवडे लागोत की चार महिने. तीन महिन्यांची मुदत आधी ठरवून चाचणी तिच्यात कोंबणे हीच इथली मोठी चूक ठरेल.

आयसीयू_इन्चार्ज

सेप्सिसचा इशारा सगळ्यात शेवटी घ्या. वरचे गणित इथे जास्त बोचते, कारण इशाऱ्यापाठोपाठ माणसाला धावावे लागते. अमेरिकेत अनेक रुग्णालयांत वापरले जाणारे एपिक कंपनीचे सेप्सिस मॉडेल मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात ३८,४५५ दाखल रुग्णनोंदींवर तपासले गेले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण मॉडेलच्या हातून सुटले होते आणि तरीही दाखल झालेल्या दर १०० जणांत १८ जणांसाठी इशारा वाजला होता. असे साधन वॉर्डात आले की सिस्टर इशारे न वाचताच बंद करू लागतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

तुमच्या वॉर्डात नाडी, बीपी, तापमान यांची नोंद संगणकात नेमकी कधी होते, ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी मोजमाप वेळेवर होते, कागदावर लिहिले जाते आणि ड्यूटी संपताना एकगठ्ठा भरले जाते. मग दुपारी दोनला ढासळलेल्या रुग्णाचा इशारा रात्री आठला वाजतो. मॉडेल कितीही चांगले असले तरी उपयोग शून्य. आठवडाभर 'मोजल्याची वेळ' आणि 'भरल्याची वेळ' यांतला फरक काढा. तो अर्ध्या तासाच्या वर असेल तर आधी नोंदीची पद्धत सुधारा, साधन नंतर.

दुसरे, मॉडेलला कोणती माहिती पुरवली जाते ते विचारा. त्यात अँटिबायोटिकची ऑर्डर असेल तर सावध व्हा. डॉक्टरांना संशय आला म्हणूनच ती ऑर्डर गेलेली असते. मॉडेल तोच संशय परत सांगते, कागदावर हुशार दिसते आणि मिनिटभराचाही फायदा देत नाही. चाचणीत फक्त ऑर्डरच्या आधी आलेले इशारे मोजा.

सुरू करायचेच झाले तर इशारा कोणाच्या फोनवर जाणार, त्या माणसाने किती मिनिटांत बेडपाशी पोहोचायचे, तिथे काय करायचे (पुन्हा मोजमाप, लॅक्टेटची रक्ततपासणी, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर म्हणजे रक्तातल्या जंतूंची तपासणी) आणि उत्तर आले नाही तर पुढचा फोन कोणाला, हे एका पानावर लिहा. एका वॉर्डाला एका ड्यूटीत किती इशारे झेपतील हे तिथल्या सिस्टरांनाच विचारा आणि उंबरठा, म्हणजे किती गुणांवर इशारा वाजवायचा ती पातळी, त्या संख्येवरून ठरवा. पुरवठादाराने ठरवून दिलेला उंबरठा तसाच स्वीकारू नका.

संगणक_कक्ष

करारातल्या अटी. मॉडेलची आवृत्ती बदलण्याआधी किमान ३० दिवस लेखी सूचना हवी आणि जुन्या आवृत्तीवर थांबण्याचा हक्क हवा. नाहीतर तुम्ही तपासले एक आणि वापरता दुसरेच. प्रत्येक निकालासोबत आवृत्ती क्रमांक, वेळ आणि गुण तुमच्या सर्व्हरवर साठले पाहिजेत, फक्त पुरवठादाराकडे नकोत. रुग्णांची माहिती त्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरायची नाही, हे 'सेवा सुधारण्यासाठी' अशा मोघम शब्दांना जागा न ठेवता लिहून घ्या. करार संपल्यावर माहिती किती दिवसांत पुसणार आणि त्याचे प्रमाणपत्र देणार का, हेही त्यातच.

चाचणीसाठी फिल्म बाहेर पाठवताना डायकॉम हेडरमधले (फिल्मच्या डिजिटल फाइलला जोडलेल्या माहितीतले) नाव काढले की काम झाले असे धरून चालू नका. सोनोग्राफीत आणि स्कॅन केलेल्या जुन्या फिल्ममध्ये नाव चित्रातच छापलेले असते. मोकळ्या मजकुराच्या रकान्यांतही तंत्रज्ञ कधीकधी नाव टाकतात. पाठवण्यापूर्वी काही फिल्म उघडून डोळ्यांनी बघाव्याच लागतात.

एक्स-रेच्या यादीबद्दल दोन गोष्टी विसरू नका. साधन बंद पडले तर यादी आपोआप नेहमीच्या क्रमावर यावी, फिल्म त्याच्या उत्तराची वाट बघत अडकून राहू नये. मुद्दाम सर्व्हर बंद करून ही चाचणी घ्या. आणि खूण नसलेली फिल्म सतत खाली ढकलली जाते, म्हणून तिला कमाल वेळेची मर्यादा घाला; ती संपली की फिल्म वर आलीच पाहिजे. साधनाने चुकवलेला रुग्ण नेमका याच तळाच्या ढिगात असतो.

गुणवत्ता_कक्ष

आभारी आहे. सेप्सिस शेवटी हे पटले. केसपेपरचे साधन तुलनेने निर्धोक म्हणून आधी घ्यावे का? शिवाय काही निवासी डॉक्टर आत्ताच रिपोर्ट सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकून डिस्चार्ज कार्ड लिहून घेतात, त्याचे काय करावे?

मेडिसिन_ओपीडी

आधी घ्या, पण निर्धोक समजून नको. आवाजावरून लिहिणाऱ्या साधनांत तीन प्रकारच्या चुका होतात आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात: न बोललेले लिहिले, बोललेले गाळले, बोललेले बदलले. बोलण्याचा मजकूर करणाऱ्या व्हिस्पर या मॉडेलवरच्या २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणीच न उच्चारलेली वाक्ये सापडली. बोलण्यात लांब विराम असले की हा धोका वाढतो, आणि रुग्ण तर थांबत थांबतच बोलतो. 'छातीत दुखत नाही' मधला 'नाही' गळणे, डावे-उजवे उलटणे, 'एकोणसाठ' चे 'एकोणसत्तर' होणे हे खास तपासा. अर्धे वाक्य मराठीत, औषधाचे नाव इंग्रजीत आणि मध्येच नातेवाईक बोलतो, असे नमुने घ्या. पुरवठादाराच्या शांत खोलीतल्या ध्वनिफिती उपयोगाच्या नाहीत.

तयारी असलेल्या चार-पाच डॉक्टरांपासून सुरुवात करा. रुग्णाची संमती ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्या आणि नकार दिला तरी तपासणीत काही फरक पडणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. केसपेपरवर सही डॉक्टरांचीच, म्हणून जबाबदारीही त्यांची. पण मजकूर उघडल्यापासून सहीपर्यंत किती सेकंद जातात ते लॉगमधून काढा. पानभर मजकुरावर १० सेकंदांत सही होत असेल तर तो कोणी वाचत नाही, आणि मग ती सही नावापुरतीच राहते.

चॅटबॉटवर नुसती बंदी घातली तर वापर लपून होईल. मंजूर पर्याय लवकर द्या. तोवर एवढा नियम पुरे: रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, तारखा आणि रिपोर्टचा फोटो बाहेरच्या साधनात जाणार नाही.

क्षकिरण_वाचक

जबाबदारीचा प्रश्न राहिला होता. प्रत्येक साधनासाठी कागदावर दोन नावे हवीत: उंबरठा आणि वापर ठरवणारा डॉक्टर, आणि तांत्रिक बाजू बघणारा. साधन तात्काळ बंद करण्याचा अधिकार मात्र रात्रीच्या ड्यूटीवरच्या माणसालाही असावा, परवानगी न मागता.

सुरू झाल्यावर दर महिन्याला खूण नसलेल्या फिल्ममधून ५० चिठ्ठी पद्धतीने काढून पुन्हा वाचा. एक्स-रे मशीन किंवा डिटेक्टर बदलला तर मूक चाचणी पुन्हा. शिवाय काही सत्रे साधनाशिवाय ठेवा. पोलंडमधल्या चार केंद्रांवरच्या २०२५ च्या अभ्यासात, एआय वापरात आल्यानंतर त्याच्याविना केलेल्या कोलोनोस्कोपींत (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) ॲडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी, सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेले दिसले. साधन बंद पडेल त्या दिवशी फिल्म वाचणारे डोळे तुमचेच असणार आहेत. किती चुका झाल्या की साधन थांबवायचे, तो आकडा सुरू करण्याआधी ठरवून व्यवस्थापनाची सही घ्या. पैसे भरून झाल्यावर तो ठरवणे फार अवघड जाते.